वाघ्या, मनी आणि आईचा हात

सकाळचा चहा झाला की मी आईचा रक्तदाब मोजतो. ती ८१ वर्षांची आहे. मधुमेह आहे आणि हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. गेली सहा-सात वर्षे हा आमचा परिपाठ आहे. आई खुर्चीत बसते, उजवी बाही वर सरकवते आणि हात टेबलावर ठेवते. गेल्या आषाढातल्या एका सकाळी मात्र तिने डावा हात पुढे केला. उजवा पदराखाली होता.

"आज हा घे. सारखा त्याच हाताला कशाला त्रास?" ती म्हणाली.

मी पदर बाजूला केला. अंगठ्याच्या बुडाशी दोन बारीक छिद्रे होती. त्यांच्याभोवती हळद माखलेली होती, खाली त्वचा लाल होती आणि सूज मनगटापर्यंत आली होती.

"कधी झालं हे?"

"परवा रात्री. दिवे गेले होते ना, तेव्हा."

"मग मला का नाही सांगितलंस?"

आईने उत्तर दिले नाही. तिची नजर कपाटावर अंग चोरून बसलेल्या मनीकडे गेली आणि मला सारे कळले. तिने का सांगितले नाही, हेही कळले. या लेखात मला प्रामुख्याने त्याच 'का'विषयी लिहायचे आहे. कारण आईने खरे लपवले असले, तरी लपवण्याचे कारण तिला मीच दिले होते.

घरातली दोन जनावरे

वाघ्या आमच्याकडे अकरा वर्षांपासून आहे. गावठी कुत्रा, अंगाने दांडगा, स्वभावाने शांत. वडील गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्यानंतर आईच्या खोलीच्या उंबऱ्यावर झोपायची त्याने जी सवय लावून घेतली, ती आजतागायत मोडली नाही. मनी आली ती त्या आषाढाच्या सहा-सात महिने आधी, ऐन थंडीत. दवाखान्याच्या पायरीशी कुडकुडत बसलेले ते पिलू मी खिशात घालून घरी आणले. आईला तेवढाच विरंगुळा होईल, एवढाच विचार त्यामागे होता. वाघ्याला काय वाटेल, हा प्रश्न माझ्या मनात आलाही नाही. तो इतका गरीब आहे, त्याला होईल सवय, असे मी गृहीत धरले.

सवय झालीही. निदान तसे दिसत होते. दोघे एकाच ओसरीवर पडून राहत. कधी मनी त्याच्या शेपटीशी खेळे, तो उठून दुसरीकडे जाऊन बसे. आम्ही कौतुकाने म्हणायचो, "बघा, कसा समजूतदार आहे!" आज वाटते, तो उठून जात होता हेच त्याचे सांगणे होते. आम्ही ते कौतुकात वाया घालवले.

जूनमध्ये एकदा वाघ्या मनीवर गुरगुरला. मनी फिसकारून कपाटावर चढली आणि तिच्या धक्क्याने आईचा चष्मा पडून फुटला. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, मी दमून आलो होतो. वाघ्याला मी दरडावले आणि आईला म्हणालो, "पुन्हा असं काही झालं ना, तर ही मांजर घरात राहणार नाही." बोलून मी विसरून गेलो. आई विसरली नाही.

मग आषाढ आला. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि वर्षभरात येथे पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टचा. भिंतींना गवताच्या झड्या किंवा प्लास्टिकचे कागद लावायचे, दारे-खिडक्या ओढून घ्यायच्या आणि आत बसायचे, ही इथली रीत. त्या आठवड्यात सलग पाच दिवस वाघ्याचे फिरणे झाले नव्हते. त्या रात्री वीज गेली. आईने नेहमीप्रमाणे स्वयंपाकघर आणि तिची खोली यांच्यामधल्या अरुंद बोळात वाघ्याची दूध-भाकरी ठेवली. दुधाच्या वासाने मनीने फळीवरून खाली उडी घेतली. वाघ्याने जबडा उघडून तिच्या अंगावर झेप घेतली. मनीला मागे भिंत होती आणि पुढे वाघ्या. आईने तिला उचलायला अंधारात हात घातला. मनीने हाताला दात लावले.

आईने हात पाण्याखाली धरला, हळद लावली, मनीला कुशीत घेतले आणि गप्प राहिली. तिला जखमेची भीती नव्हती. माझ्या त्या एका वाक्याची होती.

'अचानक' काहीच नसते

अठ्ठावीस वर्षांच्या व्यवसायात चाव्याचे अनेक रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते: "डॉक्टर, आजवर कधी असं केलं नव्हतं हो. अचानकच चावला." मीही हे वाक्य ऐकून मान डोलवत आलो होतो. स्वतःच्या घरावर वेळ आल्यावर त्या 'अचानक'ची पाने उलटून पाहिली.

पाऊस जरा ओसरल्यावर वाघ्याला पशुवैद्यांकडे नेले. त्यांनी त्याचे तोंड उघडून दाखवले. मागची एक दाढ किडलेली होती आणि मुळाशी पू झालेला होता. खाताना त्याला किती ठणका लागत असेल, याची मला डॉक्टर म्हणून कल्पना यायला हवी होती. शिवाय वय झाल्याने त्याला ऐकू कमी येऊ लागले होते. मनी मागून जवळ आली तर ती थेट समोर येईपर्यंत त्याला कळतच नसे. दुखरा जबडा, मंदावलेले कान, पाच दिवसांचे कोंडलेपण, अरुंद जागा, अंधार आणि समोर अन्न. इतक्या गोष्टी एकत्र आल्यावर जे घडले ते अचानक म्हणता येईल का?

आपल्या ज्येष्ठ मंडळींचेही असेच होते. एरवी मृदू बोलणारे आजोबा चिडचिड करू लागले, तर त्यामागे बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग किंवा न सांगितलेला गुडघ्याचा ठणका निघतो. जनावराला तर बोलताही येत नाही. त्यातही कुत्रा आणि मांजर दोघेही दुखणे लपवण्यात पटाईत असतात. म्हणून घरातल्या प्राण्याचा स्वभाव बदललेला दिसला, तर आधी दुखणे शोधावे, स्वभावाला दोष मागाहून द्यावा. वयस्क कुत्र्यांत स्मृतिभ्रंशासारखा विकारही आढळतो. असा कुत्रा रात्री येरझाऱ्या घालतो, ओळखीच्या खोलीत वाट चुकतो, कारण नसताना दचकतो. एक मात्र आवर्जून सांगतो. प्राण्याला आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी कधीही देऊ नये. आपल्याला निरुपद्रवी वाटणारी पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराच्या जिवावर बेतू शकते.

मनीने आईला का चावावे? ती तर रात्री आईच्या पांघरुणात झोपते. याचे उत्तर मला पशुवैद्यांनी दिले. भीतीने बिथरलेल्या प्राण्याच्या आवाक्यात त्या क्षणी जे येते, त्यावर त्याचा राग निघतो. खिडकीबाहेरचा बोका पाहून खवळलेली मांजर शेजारी बसलेल्या माणसाला ओरबाडते, ते यामुळेच. आईचा हात मनीला आईचा हात म्हणून दिसलाच नाही. अंधारात अंगावर आलेली आणखी एक वस्तू, एवढेच तिला कळले. हे ऐकून आईचा चेहरा उजळला. "म्हणजे तिनं मला नाही चावलं," ती म्हणाली. शास्त्राच्या दृष्टीने तिचे म्हणणे फारसे चुकीचे नव्हते.

प्राणी आधी सांगतात, पण त्यांच्या भाषेत. कुत्रा अंग ताठ करतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, मान फिरवून डोळ्याच्या कडेने पाहतो, जेवताना कोणी जवळ आले की क्षणभर खाणे थांबवून थिजतो आणि मग गुरगुरतो. शेपटी हलते म्हणजे तो खुशीतच आहे, असेही नाही. ताठ उभारलेली, भराभर हलणारी शेपटी इशाऱ्याचीही असते. मांजर कान मागे पाडते, शेपटी आपटते, अंगावरची त्वचा थरथरवते. गुरगुरणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो चावा टाळण्याचा शेवटचा प्रयत्न असतो. जूनमध्ये मी वाघ्याला गुरगुरल्याबद्दल दरडावले. त्यातून तो शांत राहायला शिकला नाही. इशारा न देता झेप घ्यायला शिकला.

हेमलकशाचे चित्र आणि आपले घर

आजकाल मोबाइलवर कुत्रा आणि मांजर गळ्यात गळा घालून झोपलेले, पोपट मांजराच्या पाठीवर बसलेला, अशी दृश्ये रोज येतात. ती पाहून पुष्कळांना वाटते की प्रेम लावले म्हणजे झाले. मराठी माणसाच्या मनात तर अशा सहवासाचे एक खरेखुरे चित्रही आहे. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात, हेमलकसा येथे १९७३ च्या डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात आदिवासींची सेवा आरंभली. शिकार करून परतणाऱ्या माडिया आदिवासींकडे मेलेल्या माकडिणीला बिलगलेले पिलू त्यांना दिसले. ते त्यांनी मागून घेतले आणि तिथून प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. बिबटे, अस्वले, हरणे, माकडे आणि कुत्री यांच्या सहवासाची तिथली छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. विलास मनोहर यांच्या 'नेगल' या पुस्तकात त्यांच्या कथा आहेत.

हे चित्र खोटे नाही. पण ते कशामुळे शक्य झाले, हे पाहायला हवे. बहुतेक प्राणी तिथे डोळे उघडण्याच्या वयात आले आणि एकमेकांच्या संगतीत वाढले. त्यांच्याकडे पाहणारी माणसे दिवसरात्र त्यांच्यासोबत होती. प्रत्येकाचे खाणे, दुखणे, मिजास त्यांना ठाऊक होते. इतके असूनही तिथे प्राण्यांसाठी पिंजरे आणि कुंपणे आहेतच. प्रेम आणि कुंपण यांत विरोध नाही, हा हेमलकशाचा मला जाणवलेला धडा आहे. आपल्या घरात अकरा वर्षांच्या कुत्र्यापुढे दोन महिन्यांचे अनोळखी पिलू एका संध्याकाळी आणून ठेवायचे आणि हेमलकशाची अपेक्षा करायची, हे योग्य नव्हे.

पोपटाविषयीही येथेच सांगतो. आपल्याकडचा हिरवा, कंठी असलेला पोपट घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. परदेशी छोटे पक्षी ज्यांच्या घरी असतील त्यांनी लक्षात ठेवावे की मांजराने पक्ष्याला नुसते ओरबाडले, तरी तिच्या नखा-दातांतले जंतू त्याचा जीव घेऊ शकतात. मांजर पिंजऱ्याजवळ तासन् तास शांत बसते, तेव्हा ती मैत्री करत नसते, दबा धरून बसलेली असते. पक्षी आणि मांजर यांच्यामध्ये बंद दार हवे. ससा आणि कुत्रा यांच्याबाबतही तेच. लहान, झटकन पळणारी वस्तू दिसली की पाठलाग करणे हे कुत्र्याच्या रक्तातच आहे.

ते दहा दिवस

आता त्या सकाळकडे परत येतो. आईचा हात पाहून पोटात गोळा आला, त्याला सूज हे एकच कारण नव्हते. वाघ्याची लस दरवर्षी वेळेवर होत असे. मनीची झालीच नव्हती. आज नेऊ, पाऊस थांबला की नेऊ, असे करत मी ते पुढे ढकलले होते. गावातल्या लोकांना रेबीजची लस टोचणाऱ्या डॉक्टरच्या घरातली मांजर बिनलशीची होती.

रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की तो रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. पण लक्षणांपूर्वी योग्य उपचार झाले, तर तो टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी लुई पाश्चर यांनी जोसेफ मेस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली, तेव्हापासून माणसाच्या हातात हे शस्त्र आहे. आमच्याकडे मात्र ते अजूनही भीतीमुळे म्यान राहते. आईने विचारलेच, "चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील का रे? पोटात?"

ज्येष्ठ वाचकांपैकी अनेकांच्या मनात हीच भीती असेल, म्हणून सांगतो. पोटात टोचायची ती लस १९११ साली कसौली येथे डेव्हिड सेंपल यांनी विकसित केलेल्या जुन्या पद्धतीची होती. ती आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आजची लस दंडात देतात. त्वचेत द्यायची असेल तर पहिल्या, म्हणजे शून्य दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. स्नायूत द्यायची असेल तर चौदाव्या दिवशीची आणखी एक मात्रा असते. दात त्वचेत शिरून रक्त आले असेल, तर लशीबरोबर जखमेत आणि तिच्याभोवती रेबीजविरोधी इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. लशीचे संरक्षण तयार होईपर्यंत ते विषाणूला जागीच अडवते.

मी आईची जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली. खरे तर हे चाव्यानंतर लगेच व्हायला हवे होते, पण उशीर झाला म्हणून सोडायचे नसते. मग जंतुनाशक लावले, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, प्रतिजैविक सुरू केले, लशीची पहिली मात्रा दिली आणि भर पावसात घाट उतरून तिला साताऱ्याला नेले. तिथे इम्युनोग्लोब्युलिन मिळाले. मांजराचा चावा दिसायला क्षुल्लक असतो, पण तिचे सुईसारखे दात जंतूंना थेट खोलवर, सांध्यापर्यंत पोहोचवतात आणि छिद्र वरून मिटते. हाताला झालेला असा चावा चोवीस तासांच्या आत सुजू लागतो. मधुमेही व्यक्तीला तर एका दिवसाचा उशीरही महागात पडतो. आईचा हात पूर्ववत व्हायला तीन आठवडे लागले. अजूनही थंडीत अंगठा आखडतो.

चावणारा प्राणी कुत्रा किंवा मांजर असेल, तर त्याच्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात. चावताना त्याच्या लाळेत विषाणू असेल, तर साधारणपणे या अवधीत तो आजारी पडतो किंवा मरतो. पण त्यासाठी उपचार थांबवून वाट पाहायची नसते. उपचार लगेच सुरू करायचे आणि दहा दिवस सुखरूप गेले, तर पुढच्या मात्रांविषयी डॉक्टरांनी ठरवायचे.

ते दहा दिवस मी कधीच विसरणार नाही. मनीला मागच्या खोलीत ठेवले होते. आई दाराच्या फटीतून सकाळ-संध्याकाळ पाहून येई आणि मला सांगे, "दूध प्यायली. पाचवा दिवस." रात्री अंथरुणावर पडल्यावर मी मनातल्या मनात तारखा मोजत असे. अकराव्या सकाळी दार उघडले तेव्हा मनी आळस देत बाहेर आली आणि सरळ फळीवर जाऊन बसली. लशीच्या उरलेल्या मात्रा मात्र आम्ही ठरल्या दिवशी पूर्ण केल्या. आणि मनीलाही लस टोचून आणली.

त्याच संध्याकाळी मी आईची क्षमा मागितली. म्हणालो, "मी तसं बोलायला नको होतं. मनी कुठंही जाणार नाही. पण यापुढं नख लागलं तरी मला सांगायचं." ती म्हणाली, "तू रागावला नाहीस तर सांगेन." एवढा साधा करार आधी झाला असता, तर ते छत्तीस तास वाया गेले नसते.

घर पुन्हा मांडताना

त्यानंतर आम्ही दोघांची पुन्हा, नव्याने ओळख करून दिली. पशुवैद्यांनी सांगितलेली रीत सोपी आहे, तिला वेळ मात्र लागतो. आधी दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवले. एकाचे अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत टाकले, म्हणजे वासाची ओळख व्हावी. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांची जेवणे ठेवली. दुसऱ्याचा वास आला की पोटात अन्न जाते, हे मनात ठसावे म्हणून. नंतर जाळीच्या दारातून दर्शन. शेवटी वाघ्याला पट्ट्याने धरून पाच-पाच मिनिटांची भेट. कोणी अंग ताठ केले की भेट संपली. यात महिना गेला. वाघ्याची दाढ तोवर काढून झाली होती आणि तो पुन्हा पूर्वीसारखा स्वस्थ दिसू लागला होता.

घराची मांडणीही बदलली. वाघ्याचे भांडे बोळातून काढून ओसरीच्या कोपऱ्यात गेले, मनीचे उंच फळीवर. जेवताना मधले दार बंद. दोघांची पाण्याची भांडी वेगळी. मनीला कुठूनही उडी मारून चढता येईल अशा दोन उंच जागा ठेवल्या. मांजराला वर जायला वाट असली की ती लढत नाही. घरी कोणी मोठे, चालते-फिरते माणूस नसेल तेव्हा दोघे वेगळ्या खोल्यांत. मनीच्या गळ्यात घुंगरू बांधले, ते वाघ्यासाठी आणि त्याहून अधिक आईसाठी. पायात घोटाळणाऱ्या प्राण्याला अडखळून वृद्धांची कंबर मोडते, हे मी दवाखान्यात पाहिलेले आहे. बोळात रात्रभर मंद दिवा असतो आणि वीज गेल्यावर आपोआप लागणारा एक दिवा आईच्या उशाशी.

आईला मी एकच नियम पाठ करायला लावला. दोघे भिडले, तर मध्ये हात घालायचा नाही. जोराने टाळी किंवा थाळी वाजवायची, लांबून पाणी किंवा पांघरूण टाकायचे, खुर्ची मध्ये सरकवायची. ते जमले नाही, तर सरळ खोलीत जाऊन दार लावायचे. प्राण्यांचे ओरखडे भरून येतात, रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या माणसाच्या जखमेचे तसे नसते. तरीही चावा झालाच, तर धुणे, स्वच्छ कापडाने दाबून धरणे आणि त्याच दिवशी डॉक्टर. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांतले काहीही लावायचे नाही आणि जखम लगेच शिवून घ्यायची नाही.

आमच्या डोंगरावर आणखी एक-दोन पथ्ये आहेत. अंधार पडल्यावर कुत्र्याला अंगणात बांधून ठेवू नये. नगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला होता. बांधलेल्या कुत्र्याला पळूनही जाता येत नाही. माकडांची टोळी दारात आली, तर कुत्रा सोडून त्यांना हुसकावू नये आणि स्वतः काठी घेऊन पुढे होऊ नये. माकडाने दात दाखवले म्हणजे ते हसत नाही, धमकावते. स्वयंपाकघराची जाळी बंद ठेवावी आणि त्यांना जायला वाट मोकळी ठेवावी. माकडाच्या चाव्यालाही रेबीजची लस लागते, तिथे दहा दिवसांची प्रतीक्षा लागू नाही.

काळजी घेणाऱ्यांस

आई-वडिलांची काळजी घेणाऱ्या माझ्या वयाच्या मुलामुलींना, सुनांना शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. म्हातारपणी माणसाच्या हातून एकेक गोष्ट सुटत जाते. गाडी चालवणे, बाजाराला जाणे, पैशाचे व्यवहार. कोणाला तरी वेळेवर खाऊ घालणे, ही शेवटपर्यंत उरणारी एक सत्ता असते. वाघ्या आणि मनी आईच्या दिवसाला वेळापत्रक देतात. त्यांच्यासाठी ती उठते, चालते, बोलते. तिचा हात सुजलेला पाहून मनी घरातून घालवायचा विचार माझ्याही मनात आला होता. एखाद्या घरात तसे करणे भागही पडेल. प्राणी खरोखर धोकादायक असेल, घरात तान्हे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले माणूस असेल, तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने दुसरे चांगले घर शोधण्यात कमीपणा नाही. पण तो निर्णय रागाच्या भरात करू नये आणि त्याची धमकी तर कधीच देऊ नये. धमकीने चावे थांबत नाहीत, फक्त आपल्यापर्यंत पोहोचेनासे होतात. हेच पडण्याचे, हेच चुकलेल्या गोळीचे, हेच रात्री ओल्या झालेल्या अंथरुणाचे.

यंदाचा आषाढ सुरू झाला आहे. आत्ता हे लिहिताना बाहेर धो धो पाऊस आहे. वाघ्या उंबऱ्यावर झोपला आहे, मनी फळीवर. दोघांमध्ये चांगले सहा-सात फुटांचे अंतर आहे आणि दोघेही त्यात सुखी दिसतात. सकाळी आईने रक्तदाबासाठी उजवा हात पुढे केला. बाही वर करताना म्हणाली, "हे बघ, काल मनीचं नख लागलंय. साबणानं धुतलंय, पंधरा मिनिटं. घड्याळ लावून."

मी हात पाहिला, काय करायचे ते केले आणि रक्तदाब मोजला. तो नेहमीपेक्षा चांगला होता.